नववीत आलेली मुलं : एका लहान महापालिका शाळेचा पट आणि निकाल

दक्षिण पुण्यात, पर्वतीच्या पायथ्याजवळच्या वस्तीला लागून महापालिकेची एक मराठी माध्यमाची माध्यमिक शाळा आहे. आठवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी. एका वर्षी तिचा दहावीचा निकाल एकदम घसरला. त्याआधी पट वाढला म्हणून शाळेचं कौतुक झालं होतं. निकालानंतर मात्र खुलासा मागवला गेला : विषयवार नापासांची संख्या, कारणं आणि उपाययोजना. अशा खुलाशात सहसा ‘विद्यार्थ्यांची अनियमित उपस्थिती व पालकांची उदासीनता’ एवढं लिहून शिक्का मारतात. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तसं केलं नाही. त्यांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं आणि दहावीला बसलेल्या प्रत्येक मुलाची नोंद मागे जाऊन पाहायची असं ठरवलं. मी निवृत्त गणित शिक्षक, या शाळेत संध्याकाळची अभ्यासिका घेतो, म्हणून त्या कामाला बसलो. शाळेचं आणि मुलांचं नाव इथे देत नाही. वस्तीतली मुलं आहेत, त्यांना उद्या याच गावात नोकरी शोधायची आहे.

रजिस्टर पाहून झाल्यावर जे दिसलं ते आधीच सांगतो. पट वाढला आणि निकाल घसरला, या दोन्हींचं कारण एकच होतं. शाळेने नववीत येईल त्याला प्रवेश दिला होता.

आधी टक्क्यांचा हिशेब नीट मांडायला हवा, कारण लहान शाळेवर पहिला अन्याय तिथेच होतो. हिशेबासाठी दहावीच्या वर्गात २५ मुलं धरू. एक मूल म्हणजे ४ टक्के. एकाला परीक्षेच्या आठवड्यात कावीळ झाली आणि एकीचं कुटुंब परीक्षा अर्ध्यावर असताना गावी निघून गेलं, की शिकवण्यात काहीही फरक न पडता निकाल १०० वरून ९२ वर येतो. हीच दोन मुलं २५० मुलांच्या शाळेत असती तर एक टक्कासुद्धा हलला नसता. त्यामुळे २५ मुलांच्या शाळेची एका वर्षाची टक्केवारी दुसऱ्या वर्षाशी ताडून ‘घसरण’ म्हणणं म्हणजे दोन-तीन मुलांच्या नशिबावर शाळेचा निवाडा करणं आहे. इथली घसरण मात्र दोन-तीन मुलांपुरती नव्हती, म्हणून पुढे खणावं लागलं.

राज्याचे आकडेसुद्धा हाच धडा देतात. दहावीचा राज्याचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० वर आला आणि २०२० मध्ये ९५.३० वर गेला. एका वर्षात महाराष्ट्रातली मुलं मठ्ठ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार झाली, असं कुणी म्हणणार नाही. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेकडचे अंतर्गत गुण काढून टाकले होते, २०२० ला ते परत आले. २०२१ ला करोनामुळे परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर ९९.९५ टक्के पास झाले. टक्केवारी कशाची मोजली आहे हे पाहिल्याशिवाय तिच्यावरून शाळेला जोखता येत नाही.

रजिस्टरमधली माणसं

जनरल रजिस्टरमध्ये मुलाचं नाव, आईचं नाव, जात, जन्मस्थळ, पूर्वीची शाळा, प्रवेशाची तारीख आणि शेवटी शाळा सोडल्याचं कारण असे रकाने असतात. जन्मस्थळाचा रकाना वरून खाली वाचत गेलं की या भागाचा इतिहासच समोर येतो. पुणे, पुणे, पुणे. मग लातूर, अहमदपूर, तुळजापूर. मग यादगीर, कलबुर्गी. मधेच नेपाळ.

पुण्यात जन्मलेल्यांच्या आजी-आजोबांना विचारलं तर दोन गोष्टी निघतात. काहीजण १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठचं घर गेलं म्हणून या बाजूला आले, आणि बरेचजण १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून. दुसऱ्या गटातले पुरुष मार्केट यार्डात हमालीला लागले, बायका बांधकामावर किंवा धुण्याभांड्याला. आता त्यांची नातवंडं शाळेत आहेत. यादगीर-कलबुर्गीची कुटुंबं मागाहून आली, बिगारी आणि सेंट्रिंगच्या कामावर. घरात कानडी किंवा लमाणी, रस्त्यावर हिंदी आणि शाळेत मराठी, असा त्या मुलांचा दिवस असतो.

वस्ती स्थिर नसते, आणि हे कार्यालयातल्या माणसांच्या लक्षात राहत नाही. २७ सप्टेंबर २०१८ ला मुठा कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाच्या वस्तीत पाणी शिरलं. जवळजवळ एका वर्षाने, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, आंबिल ओढ्याला पूर आला. जून २०२१ मध्ये ओढ्याकाठची घरं पाडायची कारवाई झाली. अशा प्रत्येक वेळी काही कुटुंबं हलतात. कुणी बहिणीकडे कात्रजला जातं, कुणाला लांब झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत खोली मिळते. महापालिका शाळांतल्या मुलांना पीएमपी बसचा पास मोफत असल्याने काही मुलं लांबून येत राहतात, पण सकाळची बस चुकली की पहिले दोन तास गेले. आणि पुरात वह्या जातात तसे रेशनकार्ड आणि जन्मदाखलेही जातात. आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव यांत एका अक्षराचा फरक पडला, तरी गणवेशाचे पैसे खात्यावर यायला खोळंबा होतो.

आणखी एक गोष्ट रजिस्टरमध्ये लिहिलेली नसते, पण हजेरी घेताना दिसते. या शाळेत मुली जास्त आहेत. घरात पोटापेक्षा थोडं जास्तीचं मिळालं की पहिल्यांदा मुलाचं नाव इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालतात. बहीण महापालिकेच्या शाळेतच राहते. ती अभ्यास करते, धाकट्याला सांभाळते, नळाला पाणी येईल तेव्हा भरून ठेवते आणि बहुतेक वेळा पासही होते.

नववीचा उंबरा

दहावीला बसलेल्या मुलांचे आम्ही दोन गट केले. एक, आठवी याच शाळेत शिकून पुढे आलेली. दुसरा, थेट नववीत आलेली. पहिल्या गटातली जवळजवळ सगळी पास होती. नापासांची नावं दुसऱ्या गटात एका खाली एक लागली.

ही मुलं कोण, ते नीट सांगायला हवं.

काहीजण आजूबाजूच्या खासगी शाळांतून आलेले. त्या शाळांच्या फाटकावर ‘दहावीचा निकाल १०० टक्के’ असा फलक असतो. तो टिकवायचा तर कच्चं मूल दहावीला बसता कामा नये. शिक्षणहक्क कायद्याचं संरक्षण १४ वर्षांपर्यंत, म्हणजे साधारण आठवीपर्यंत. नववीत मूल नापास करता येतं. मग पालकांना बोलावून सांगतात की याला इथे झेपणार नाही, नापास करण्यापेक्षा दाखला घेऊन जा, किंवा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. आई दाखला घेऊन महापालिकेच्या शाळेत येते.

असाच एक दाखला माझ्यासमोर टेबलावर होता. प्रगती : समाधानकारक. वर्तणूक : चांगली. शाळा सोडल्याचे कारण : पालकांच्या विनंतीवरून. मुलाची आई चार घरची कामं उरकून आली होती, हाताला साबणाचा वास तसाच होता. मोठ्या बाईंनी विचारलं, “ताई, तुम्ही स्वतःहून मागितला का दाखला?” ती म्हणाली, “मी कशाला मागू बाई? त्यांनीच बोलावून दिला. म्हणाले, तुमच्या पोरामुळं आमचा निकाल खाली जाईल.” मुलगा शेजारी उभा राहून सगळं ऐकत होता. बाईंनी त्याला पुढ्यातल्या वर्तमानपत्राचा मथळा वाचायला सांगितला. त्याने वाचला, अडखळत, पण पूर्ण. बाईंनी त्याच दुपारी त्याचं नाव पटावर घातलं.

दुसरा प्रकार मला जास्त अस्वस्थ करतो, कारण तो सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावर कुणीच बोलत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांवर गरीब घरातलं मूल खासगी इंग्रजी शाळेत मोफत शिकतं, आठवीपर्यंत. नववीला पूर्ण फी सुरू होते. २०१२-१३ मध्ये पहिलीत गेलेलं मूल २०२०-२१ ला नववीत पोचतं. म्हणजे ही मुलं आता दर वर्षी नववीच्या उंबऱ्यावर येतात. ज्या आईबापांना फी झेपत नाही ते जवळची महापालिकेची शाळा गाठतात. आठ वर्षं इंग्रजीत शिकलेली मुलगी एकदम मराठी माध्यमाच्या नववीत बसते. तिला प्रकाशाचं परावर्तन समजलेलं असतं, पण मराठी पुस्तकातलं वाक्य कळत नाही. शिक्षकांच्या दृष्टीने ती ‘कच्ची’, आणि तिच्या स्वतःच्या दृष्टीने तर अचानक मूर्ख ठरलेली. महापालिकेच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळा आहेत, पण नववीच्या मुलीला बस बदलून लांब पाठवायला घरचे तयार नसतात.

तिसरी, गावाकडून आलेली किंवा गावी जाऊन परत आलेली. दिवाळीनंतर महिनाभर गायब, मग हजर.

आठवी आणि नववीच्या मध्ये आणखी काय काय तुटतं तेही याच जागी सांगतो. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत. मोफत पाठ्यपुस्तकांची केंद्राची योजनाही आठवीपर्यंतच. म्हणजे मूल ज्या वर्षी सगळ्यात जास्त भुकेलं असतं, अभ्यास अवघड होतो आणि बाहेर पैसे मिळवण्याइतके हातपाय होतात, त्याच वर्षी शाळेतली खिचडी बंद होते. आठवीतली मुलं मधल्या सुट्टीत जेवत असताना नववीची मुलं त्याच व्हरांड्यात उभी असतात. मुलगे केटरिंगच्या कामाला जायला लागतात ते याच वयात. लग्नसराईत एका रात्रीचे रोख पैसे मिळतात आणि जेवण वेगळं. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला तो मुलगा बाकावर डोकं टेकून झोपलेला असतो. त्याला उठवायचं की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही.

मुलं कशात नापास होतात

गणित, विज्ञान आणि इंग्रजी. विषय नेहमीचेच. मी गणिताचं सांगू शकतो.

दहावीच्या गणितात ४० गुणांचे दोन पेपर आणि २० अंतर्गत गुण, पास व्हायला ३५. नववीत आलेल्या मुलांची मी जूनमध्ये एक छोटी चाचणी घेतो. वर्गसमीकरण वगैरे काही नाही, फक्त भागाकार, अपूर्णांकांची बेरीज आणि एक शाब्दिक उदाहरण. बहुतेकजण भागाकारात शून्याचा भाग देताना चुकतात : ६१२ भागिले ६ चं उत्तर १२ येतं. अपूर्णांकांच्या बेरजेत वरचे वर आणि खालचे खाली मिळवतात. हे सगळं चौथी-पाचवीचं. २०२५-२६ ला नववीत असलेलं मूल २०२०-२१ ला चौथीत होतं, आणि ते अख्खं वर्ष शाळा बंद होत्या. एका खोलीत एक मोबाइल, तोही वडिलांबरोबर कामावर. भागाकार कुठे हरवला ते शोधायला फार लांब जावं लागत नाही.

शाब्दिक उदाहरणात मात्र दुसरंच निघतं. मंडईत आईच्या भाजीच्या हातगाडीवर बसणारी एक मुलगी आहे. पावशेर, अर्धा किलो, दीड किलोचे पैसे ती तोंडी सांगते आणि शंभराची मोड चुकत नाही. तेच उदाहरण फळ्यावर लिहिलं की ती गप्प. तिला मी ते मोठ्याने वाचायला लावलं. ‘विक्रेत्याने’पाशी ती थांबली, पुढचं वाक्य तुकड्यातुकड्यांत वाचलं, आणि शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरली. गणित येत होतं, वाचन येत नव्हतं. दोन तासांच्या पेपरात अशा मुलीचा निम्मा वेळ प्रश्न वाचण्यात जातो. गणितात ज्यांना आपण कच्ची ठरवतो, त्यातली बरीचशी मराठी वाचनात अडकलेली असतात.

पट टिकवायची धडपड

मग शाळा अशा मुलांना घेते कशाला, असं कुणी विचारेल. पहिलं कारण सरळ आहे : महापालिकेची शाळा दारात आलेल्या मुलाला परत पाठवत नाही. दुसरं कारण पटाचं. शिक्षकांची पदं संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरवणाऱ्या सरकारी मंजुरीत, पटावरून ठरतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने निकष बदलल्यापासून, पट वीसच्या खाली गेला तर नववी-दहावीच्या शिक्षकांची पदंच उरणार नाहीत, ही धास्ती प्रत्येक लहान शाळेच्या शिक्षकखोलीत आहे. एक पद गेलं की इंग्रजीच्या शिक्षकांना इतिहास घ्यावा लागतो, मग निकाल आणखी खाली, मग पट आणखी कमी. मे महिन्याच्या उन्हात शिक्षक पत्रकं घेऊन वस्तीत दारोदार फिरतात ते यासाठी.

ऑक्टोबर २०११ च्या राज्यव्यापी पटपडताळणीनंतर नुसती कागदावरची मुलं दाखवणं अवघड झालं, आणि ते योग्यच झालं. आता प्रत्येक मुलाची नोंद यूडायस प्लसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नावानिशी असते. मूल गेलं आणि दुसऱ्या शाळेने त्याचं नाव आपल्याकडे ओढून घेतलं नाही, तर ते ‘ड्रॉप बॉक्स’मध्ये पडून राहतं आणि गळतीत धरलं जातं. यादगीरला परत गेलेल्या एका मुलासाठी शाळेच्या लिपिकांनी तिकडच्या शाळेला किती फोन केले, ते मी पाहिलं आहे. तो मुलगा तिथे रोज शाळेत जात होता.

खुलाशात काय लिहिलं

बाईंनी खुलाशाला तीन याद्या जोडल्या. आठवीपासून शाळेत असलेली मुलं आणि त्यांचा निकाल. नववीत आलेली मुलं, त्यांची पूर्वीची शाळा, जूनच्या चाचणीत ती कुठे होती आणि दहावीत कुठे पोचली. आणि मधेच शाळा सोडून गेलेली, ती आता कुठे आहेत. दुसऱ्या यादीत नापास मुलांचेसुद्धा विषयवार गुण वाढलेले दिसत होते. नापास झालेल्यांपैकी बहुतेकजण एक किंवा दोनच विषयांत राहिले होते.

हे एक-दोन विषय फार महत्त्वाचे आहेत. २०१५ पासून जून-जुलैमध्ये फेरपरीक्षा होते, त्यामुळे वर्ष वाया जात नाही. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीला प्रवेश मिळतो. शाळेच्या निकालात मात्र मार्चला पहिल्यांदा बसलेल्यांचीच टक्केवारी धरतात. जुलैत पास झालेलं मूल शाळेच्या नावावर कधीच जमा होत नाही.

खासगी शाळेशी तुलनाही बाईंनी मांडली, नाव न घेता, केवळ समजण्यासाठी. समजा एका शाळेत नववीला ४० मुलं होती. तिने २८ दहावीला बसवली, २८ पास, निकाल १०० टक्के. दुसरीत ४० होती, तिने आणखी १० घेतली, पन्नासही बसवली, त्यातली ४० पास, निकाल ८० टक्के. पहिल्या शाळेने नववीतल्या ४० पैकी २८ मुलं पार केली, म्हणजे ७० टक्के. दुसरीने ५० पैकी ४०. कुठल्या शाळेला खुलासा मागायचा?

उपाययोजनेच्या रकान्यात मोठमोठ्या गोष्टी लिहिल्या नाहीत. रोज पहिली २० मिनिटं नववीच्या वर्गात फक्त मोठ्याने वाचन, कुठल्याही विषयाचं पुस्तक घेऊन. इंग्रजी शाळेतून आलेल्यांना विज्ञान आणि गणिताच्या मराठी-इंग्रजी शब्दांची हाताने लिहिलेली वही, जी दोन मुलींनीच तयार केली. निकाल लागल्याच्या दुसऱ्या दिवसापासून फेरपरीक्षेचे वर्ग. केटरिंगला जाणाऱ्या मुलांच्या ठेकेदाराला जाऊन भेटणं, आणि जानेवारीपासून परीक्षा होईपर्यंत त्यांना बोलवू नका असं सांगणं. आठवीत एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला जास्तीत जास्त मुलांना बसवणं, कारण त्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात आणि घरचे मुलाला कामावर पाठवायची घाई करत नाहीत. महापालिका शाळेतल्या मुलाला दहावीत ७० टक्क्यांवर महापालिकेची १५,००० रुपयांची शिष्यवृत्ती मिळते, हे नववीच्याच पालकसभेत सांगायचं, दहावीच्या निकालानंतर नाही.

यातलं सगळं जमलं नाही. वाचनाचा तास टिकला. ठेकेदारांपैकी एकाने ऐकलं, दुसऱ्याने नाही. नववीच्या मुलांना खाऊ मिळावा म्हणून वस्तीतल्या एका गणेश मंडळाने गणपतीनंतर काही आठवडे चणे-गूळ दिले, मग ते बंद पडलं. शासनाने पोषण आहार दहावीपर्यंत नेला पाहिजे. ज्या स्वयंपाकघरात आठवीची खिचडी शिजते तिथेच नववी-दहावीची शिजेल.

फेरपरीक्षेत नापासांपैकी बरेचजण सुटले. तो दाखल्यावाला मुलगा गणितात राहिला होता, जुलैत पास झाला आणि औंधच्या आयटीआयमध्ये गेला. इंग्रजी शाळेतून आलेली मुलगी दहावीला मराठीत काठावर आणि विज्ञानात वर्गात पहिली आली. भाजीवाल्या मुलीची दहावी अजून व्हायची आहे.

खुलासा दाखल करून घेतला गेला, त्यावर लेखी उत्तर आलं नाही. बाईंनी शेवटी एक मागणी लिहिली होती : माध्यमिक शाळांच्या निकालाच्या तक्त्यात ‘नववीच्या सुरुवातीचा पट’ असा एक रकाना वाढवावा, आणि फेरपरीक्षेनंतर तो तक्ता पुन्हा भरून घ्यावा. सगळ्या शाळांकडून, खासगी आणि अनुदानितसुद्धा. हे आकडे प्रत्येक शाळेकडे आधीपासूनच आहेत, कुणाला नवीन काही गोळा करायचं नाही. या जूनमध्ये त्यांनी तीच मागणी पुन्हा पाठवली आहे, आणि नववीचे प्रवेश चालू ठेवले आहेत.